विसरलेला नंबर आणि माझी पाठ

किल्ली हरवलेला माणूस आरडाओरडा करत येतो. बायकोनं हरवली, पोरानं फेकली, उंदरानं नेली! नंबर विसरलेला माणूस मात्र हळूच येतो. इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "चाचा, हे कुलूप माझं नाही हो. एका दोस्ताचं आहे."

अहेरीच्या बाजारात कुलपं दुरुस्त करता करता मी म्हातारा झालो. हा दोस्त मला अजून भेटलेला नाही. पण त्याची कुलपं फार!

असे किस्से साचत जातात. किल्ल्यांचे जुडगे खिळ्याला टांगता येतात, किस्से कुठे टांगणार? माझ्या शेजारी मशीन घेऊन बसणारा गौतम टेलर म्हणाला, "चाचा, लिहून काढा न. नाईतं तुमच्यासंगच जातीन." मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिता येतं. लिहितो. नावं बदलली आहेत. कोणती पेटी कोणाची, हे शोधत बसू नका.

* * *

नंबरचं कुलूप उघडणं कठीण नाही. बोटांना सवय पाहिजे. कठीण आहे ते वेगळंच. कोणाचं उघडायचं आणि कोणाचं नाही.

माझा कायदा साधा आहे. मालक समोर पाहिजे. पेटीची खूण त्यानं सांगितली पाहिजे. कुलूप मी काढीन, झाकण त्यानं उचलायचं. तो उचलत असताना माझी पाठ. आणि जो नंबर सापडेल तो फक्त मालकाला सांगायचा. दुसऱ्या कोणालाही नाही.

माणसं काय काय नंबर लावतात! गौतमला त्याची फार उत्सुकता. एकदा एका ठेकेदाराचं कुलूप काढून दिलं. तो गेला तसा गौतमनं विचारलं, "चाचा, काय होता त्याचा नंबर? सांगा न."

मी म्हटलं, "मी तुला विचारतो का, कोणाची कंबर किती?"

"विचारा न! लगेच सांगतो!"

* * *

शेवंता त्याच सुमारास यायला लागली. तिचा नवरा भीमराव जंगल खात्याच्या नाक्यावर चौकीदार होता. अचानक गेला. नाक्यावरची त्याची पत्र्याची पेटी सोबतच्यांनी घरी आणून दिली. पेटीला चार चाकांचं कुलूप होतं.

ते कुलूप माझ्याच टेबलावरून नेलेलं. मला चांगलं आठवतं. नंबर कसा लावायचा ते मी त्याला दाखवत होतो आणि तो बसकडे बघत होता. "हो हो, समजलं चाचा!" म्हणत पळत जाऊन बस पकडली. गडी सदा घाईत.

शेवंतानं पेटी माझ्यासमोर ठेवली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तुम्ही नका उघडू. त्यानं काय लावलं ते मलेच सापडलं पाहिजे. घरी लावत नाई. नाई लागलं तं पोरगी माह्या तोंडाकडे पाहते."

मग तिनं मोठ्यानं आकडे म्हणत एकेक चाक फिरवलं. लग्नाची तारीख. कुलूप हललं नाही.

तिनं पुन्हा फिरवलं. नाही.

"लग्नाची तारीखही आठोत नव्हती काय त्याले, चाचा?"

गौतम मध्ये पडला. "वहिनी, भाऊ पक्का माणूस. लग्नाची तारीख चोरालेही सुचते. काही दुसरं लावलं असंल."

तेव्हापासून ती बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन यायची. चहा घ्यायची, एक नवी तारीख लावायची आणि पेटी डोक्यावर घेऊन परत जायची. पोरीचा जन्म. चौदा एप्रिल. नोकरी लागली तो दिवस. लोक म्हणायचे, "कटर लावा आणि मोकळी व्हा!" ती म्हणायची, "त्याच्या हातानं लावलेलं हाय."

मी तिची बाजू घेत होतो. मालकीण नको म्हणते, तर नको.

* * *

एका बाजारी सिरोंच्याच्या बसमधून एक नवे मास्तर उतरले. घाम पुसत हिरवी पेटी टेबलावर ठेवली. त्यांनी मात्र दोस्ताचं नाव घेतलं नाही. रडकुंडीला आले होते.

"चाचा, रोज हाच नंबर लावतो मी. आज लागत नाही. मला वेड तर लागलं नाही ना?"

मी विचारलं, "पेटीची खूण काय?"

"खूण? तळाला माझं नाव रंगवलं आहे."

पेटी उलटी केली. नाव नाही. मास्तर आणखी घाबरले. "काल तर होतं!"

तेवढ्यात त्याच बसनं आलेली एक कासारीण बाजारातून आली. डोक्यावर तशीच हिरवी पेटी, तोंड चालू. तिनं पेटी दणकन आपटली. "चाचा, पाहा जी! माह्या कुलपाले काय झालं त! नंबर लागूनच नाई राह्यला!"

शेवंता तिथेच चहा पीत बसली होती. तिनं कासारणीची पेटी कलती करून खाली बघितलं. "मास्तर, तुमचं नाव इथी आहे."

कासारीण कमरेवर हात ठेवून मास्तरांकडे वळली. "तुमची हाय काय हे? मान मोडली माही! काय भरलं बाप्पा हिच्यात, गोटे?"

मास्तर म्हणाले, "पुस्तकं."

"तेच म्हणतो मी!"

* * *

एक गृहस्थ बायकोची लहान पेटी घेऊन आले. बायको माहेरी, कोरपन्याला. म्हणाले, "उघडा."

मी म्हटलं, "बाईंना आणा."

"लग्नाची बायको आहे माझी!"

"मग फोन लावा. लग्नाच्या बायकोला विचारायला लाज कशाची?"

ते भडकले. मला कुलुपवाला आहेस की कोर्ट, असं विचारलं. मी जेवायचा डबा उघडला आणि जेवायला लागलो. डबा उघडायला माझ्याच परवानगीची गरज होती, ती मी दिली.

पुढच्या बाजारी ते बायकोसोबत आले. मान खाली. बाईंनी पेटी घेतली, चाकं फिरवली, कुलूप उघडून टेबलावर ठेवलं. त्या नंबर विसरल्याच नव्हत्या. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "एक डाव विचारलं असतं तं मीच सांगतला असता. आता नाई सांगत."

आणि कुलूप परत लावलं!

* * *

एका ऑफिसातून बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीत भिंतीतलं लहान कपाट, त्याला नंबरचं कुलूप.

मी विचारलं, "मालक कोण?"

साहेब म्हणाले, "बाबूंचं आहे."

बाबू म्हणाले, "नाही जी, साहेबांचं."

साहेब म्हणाले, "आधीच्या साहेबांचं असेल."

मी पिशवी उचलली. "मालक सापडला की निरोप द्या." आणि निघालो. पायऱ्या उतरत होतो तर मागून साहेब स्वतः आले. भला माणूस. हळूच म्हणाले, "चाचा, माझंच आहे हो. बाबूंना चहा आणायला पाठवलं आहे. चला लवकर."

कुलूप काढलं. पाठ फिरवली. साहेबांनी कपाट उघडलं. मी काही बघितलं नाही, पण वासाला पाठ दाखवता येत नाही. आंब्याचं लोणचं! घरून आईनं पाठवलेलं असणार. खोली भरून गेली.

बाबू चहा घेऊन दारात आले, नाक वर केलं, आणि अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, संगं भाकरी पण सांगू काय?"

* * *

आता घरचं सांगतो. डॉक्टरनं मला गोड बंद केलं. माझी घरवाली जैबुन फार इमानदार. तिनं गुळाच्या डब्याला कडी बसवून घेतली आणि माझ्याच टेबलावरचं कुलूप नेऊन लावलं.

मी म्हटलं, "मी कोण आहे, माहीत आहे ना? तालुक्याची कुलपं उघडतो मी."

ती पोळ्या लाटत म्हणाली, "उघडो न. डिब्बा मेरा है. मालिक सामने बैठी है. और मना कर रही है."

मी बिनसाखरेचा चहा प्यायलो.

कुलूप उघडं असताना नंबर बदलता येतो, हे मीच तिला कधीतरी शिकवलं होतं. आता ती मनात येईल तेव्हा बदलते. गौतम म्हणतो, "चाचा, तुमचा कायदा पूर्ण अहेरीत एकट्या चाचीलेच समजला."

* * *

मागच्या उन्हाळ्यात शेवंता आली ती पेटी खाली ठेवता ठेवताच बोलली. "चाचा, पोरीचं लग्न जुळलं."

गौतमनं मशीन थांबवून हात जोडले. "जयभीम वहिनी! मंगल झालं."

ती हसली नाही. "पोरीसाठी पांढरी साडी आणून ठेवली, पेटीत हाय, असं तो फोनवर बोलला होता. तेच शेवटचं बोलणं. पोरगी म्हणते, मी बाबानं आणलेलीच नेसीन." मग पेटी माझ्याकडे सरकवली. "मी हरलो, चाचा. तुम्हीच उघडा. पण नंबर मले सांगा. कसाही असो."

मालकीण समोर. खूण माहीत. परवानगी दिलेली. कायद्यात काही कमी नव्हतं.

मी पेटी मांडीवर घेतली आणि तिच्याकडे पाठ करून बसलो. सवयीनं आधी चारही चाकं शून्यावर आणली. कडी हाताला लागायच्या आत वर आली.

मी नंबर कोणाचा सांगत नसतो. पण चार शून्यं हा कोणाचा नंबर नव्हे. नवं कुलूप चार शून्यांवरच येतं, आणि हे माझ्या टेबलावरून जसं गेलं होतं, तसंच होतं. गडी घाईत बसमध्ये चढला तो चढलाच.

"निघालं काय?" मागून शेवंता.

"जाम आहे. तेल टाकतो."

तेल टाकलं. थोडा वेळ घेतला. मग कुलूप दाबून पुन्हा बंद केलं, चाकं विस्कटली आणि पेटी तिच्यासमोर ठेवली.

"बाई, सगळ्यात आधी कोणती तारीख लावली होतीस?"

"लग्नाची."

"तीच लाव."

"ते तं लावून पाह्यली, चाचा. दोन डाव."

"जाम होतं म्हटलं ना. लाव."

तिनं पदरानं बोटं पुसली. पहिल्या दिवशीसारखे मोठ्यानं आकडे म्हणत एकेक चाक फिरवलं.

कट्!

कडी वर आली. कुलूप काढून तिनं मांडीवर ठेवलं. मग तिनं झाकणाला हात घातला आणि मी पाठ फिरवली.

मागून कागद सुटल्याचा आवाज आला. मग शेवंताचा. "गौतमभाऊ! पाहा न... आठोत होती त्याले! आठोत होती!"

गौतम साडी बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मशीनवरून वाकून हळूच म्हणाला, "चाचा, त्या दिवशी तं हे कुलूप जाम नव्हतं. चाकं कशी भरभर फिरून राह्यली होती..."

मी म्हटलं, "खाली बघून शिव. सुई बोटात जाईल."