कृपया जात काढू नये

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बा मोर्च्याला जायचा आणि येताना खिशात, टोपीत, कधी भाकरीच्या फडक्यात पत्रकं घेऊन यायचा. त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. कुडातून वारा येऊ नये म्हणून याडी, म्हणजे आमची आई, ती पत्रकं खळीनं भिंतीला चिकटवायची. शाळेत बाईंनी कमळाचं चित्र दाखवलं तेव्हा मला 'धिक्कार' लिहिता येत होतं. कमळ आमच्या तांड्याच्या आसपास कुठेच नव्हतं.

म्हणून तालुक्याच्या गावी कॉलेजात गेल्यावर मी आपल्या पायानं चालत वाचनालयातल्या चर्चामंडळात जाऊन बसले. मंडळ दर रविवारी संध्याकाळी भरायचं. भिंतीवर निळ्या रंगात पाटी होती: 'इथे प्रत्येकाला बोलण्याचा हक्क आहे. कृपया जात काढू नये.' तिथे आडनाव विचारत नसत, सांगत नसत. गावात घर भाड्यानं मागायला गेलं की आधी आडनाव, मग गाव, मग "तांडा का गाव?" असं विचारून घेणारी माणसं पाहिलेली मी. ती पाटी वाचून मला रडू यायचं बाकी होतं. मंडळ चालवणारे काका कचेरीतून निवृत्त झालेले होते. त्यांचे वडीलही कचेरीतच होते. त्यांनी मला घरची पुस्तकं वाचायला दिली, माझे लेख तपासून दिले. ते भले गृहस्थ होते, हे मी आजही म्हणते.

ते बोंडअळीचं वर्ष. बोंडं वरून हिरवी दिसायची आणि फोडली की आत किडलेली. त्या रविवारी माझा मोठा भाऊ उरलासुरला कापूस घेऊन गावात आला होता. व्यापाऱ्यानं त्याला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवलं. सुटल्यावर मला घरी न्यायला तो मंडळात आला आणि मागे, चपलांजवळ बसला. यवतमाळहून आलेले प्राध्यापक अमेरिकेतल्या काळ्या लोकांवर बोलत होते. फार चांगलं बोलले. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी डोळे पुसले.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तर मागून माझा भाऊ उठला.

"साहेब, तुमी सांगून राह्यले का तिकडं पोलिस कातडीचा रंग पाहून माणूस उचलते. आमच्या इकडं चोरी झाली का जीप सीधी तांड्यावर येते. मंग आमचा रंग कोणता म्हणाव?"

कोणीतरी हसलं, मग दोघंतिघं हसले. वाईट हेतूनं नसेल, त्याच्या बोलण्याच्या ढंगाला हसले असतील. काकांनी हळूच पाटीकडे बोट केलं आणि म्हणाले, "भाऊ, आपला एक नियम आहे." भावानं पाटी वाचली, "बरं," म्हणाला आणि खाली बसला. प्राध्यापक म्हणाले की तो प्रश्न वेगळा आहे, त्याला वेगळा इतिहास आहे. मग चहा आला.

घरी जाताना मी गाडीवर मागे बसून धुमसत होते. भाऊ म्हणाला, "तुह्या मंडळातले लोक चांगले हायेत. मले पाणी विचारलं."

त्याच संध्याकाळी, मंडळ भरलेलं असतानाच, गावाबाहेरच्या जिनिंगच्या आवारातून कापूस चोरीला गेला. तिसऱ्या दिवशी जीप तांड्यावर आली आणि त्याला घेऊन गेली. गावात त्याला कापसासोबत पाहिलेलं होतं, तेवढं पुरे झालं. त्यानं ठाण्यात सांगितलं: मी मंडळात होतो, प्रश्न पुसला, लोक हासले, कोणालेबी विचारा.

मी एकेकाच्या घरी गेले. एक जण सरकारी नोकरीत होता, त्याला पोलिसांच्या भानगडीत पडता येत नव्हतं. काकू म्हणाल्या की त्यांना चेहरे लक्षात राहत नाहीत. प्राध्यापक फोनवर म्हणाले की ते तत्त्वांवर बोलतात, व्यक्तींवर नाही. एकानं तर मलाच समजावलं की तुझ्या भावानं त्या दिवशी विषय भलतीकडे न्यायला नको होता. यायला तयार झाले ते फक्त काका.

ठाण्याच्या पायरीवर ते थांबले. म्हणाले, तो तिथे होता असं मी सांगतो, पण त्या प्रश्नाचं काढायला नको. पोलिसांविरुद्ध बोलला हे कळलं तर त्यालाच जास्त त्रास होईल. मी म्हटलं, काका, तो प्रश्नच त्याचा पुरावा आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. याडी त्यांच्या मागे हात जोडून चालत होती.

भाऊ भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. त्याचा एक डोळा उघडत नव्हता. ठाणेदारांनी काकांना खुर्ची दिली.

"हा त्या सांजी तुमच्या हॉलमदे होता?"

"होता. शेवटपर्यंत होता."

"काही बोल्ला?"

"नाही. मागे शांत बसून ऐकत होता."

भावानं मान वर केली. "काका, मी बोल्लो ना. तुमी मले पाटी दाखवली."

ठाणेदार हसले. "हा म्हणते सवाल पुसला, सगळे हासले. तुमी म्हणता चूप होता. दोघायपैकी खोटं कोण बोलून राह्यलं?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, गर्दी होती, नक्की आठवत नाही, आमच्याकडे नावं विचारत नाहीत. ठाणेदार म्हणाले, मग तुम्ही दुसराच कोणी पाहिला असेल. मी ओरडून सांगितलं की तो बोलला, मी तिथे होते. "तू बहीण," ते म्हणाले. "तुही साक्ष कायले धरू?"

बाहेर आल्यावर काका रडवेले झाले होते. "मी त्याच्या भल्यासाठीच," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. माझा त्यावर विश्वास होता. दुष्टाशी कसं भांडायचं ते मला घराच्या भिंतींनी शिकवलं होतं. या माणसाशी कसं भांडावं ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

पुढच्या रविवारी मी मंडळात उभी राहिले. म्हटलं, उद्या सगळ्यांनी मिळून ठाण्यात चला आणि दोनच वाक्यं सांगा: तो इथे होता, त्यानं हे विचारलं. पण त्याचा प्रश्न सांगताना मी 'तांडा' म्हटलं होतं, त्यामुळे चर्चा आधी त्यावर सुरू झाली. माझ्या वयाचा एक मुलगा म्हणाला, त्याच्या आजोबांनी कंदिलाखाली अभ्यास करून नोकरी मिळवली, आता त्यांच्याबद्दल त्यानं माफी मागायची का? मी म्हटलं, माफी कोणी मागितली? मला साक्ष पाहिजे. काकू म्हणाल्या की इतकी वर्षं इथे कोणी कोणाची जात पाहिली नाही आणि तू आम्हाला आज जातीवादी ठरवलंस, फार लागलं. मग सगळे काकूंना समजावू लागले. एक जण म्हणाला, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. दुसरी बाजू कोणती ते त्यानं सांगितलं नाही. मी आवाज चढवला तेव्हा काकांनी पाटीकडे बोट केलं नाही, फक्त खाली पाहिलं. मला वाटलं, आता ते बोलतील. तेवढ्यात चहा आला. ठाण्यात यायचं की नाही, हा विषय निघालाच नाही.

सोमवारी सकाळी मी आणि याडी दोघीच गेलो. वहिनी शेतावर होती. अळीतून वाचलेली बोंडं फुटून लोंबत होती, त्यांना थांबवता येत नव्हतं. ठाण्यासमोर जाळीची गाडी उभी होती. त्याला यवतमाळच्या तुरुंगात नेत होते. शिपायानं याडीनं आणलेला डबा उघडून पाहिला आणि आत देऊ दिला.

भावानं डबा मांडीवर ठेवला आणि तोंड जाळीजवळ आणलं.

"काल मंडळ होतं ना? आठवलं का त्यायले, मी काय पुसलं होतं?"

मी म्हटलं, आधी भाकर खा.

गाडी सुरू झाली, तरी तो माझ्याकडे पाहत होता. त्याला वाटलं असेल, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं.