जोतीराम आबांची कंपनी

जळोचीच्या जोतीराम आबांचा उभा जन्म बारामतीच्या एका कंपनीत गेला. कंपनी म्हणजे पत्र्याची शेड, भोंगा आणि पगार, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांची सून राजलक्ष्मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "आबा, लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे रोटी आणि 'कॉम' म्हणजे सोबत. एकत्र भाकरी खाणारे, ती कंपनी. म्हणून तर आपण जेवायला कंपनी दे म्हणतो. आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, की इंग्रजीत 'पार्ट कंपनी' म्हणतात."

आबांचा घास हातातच राहिला. शेळगावचा मुगुट त्यांच्या जोडीला मशिनवर असायचा. दोघं एकाच फडक्यावर भाकरी सोडायचे. पुढं जोतीराम सुपरवायझर झाले आणि साहेबलोकांच्या टेबलावर जेवू लागले. मुगुट त्याच फडक्यावर एकटाच जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी आबांनी पिठलं-भाकरी बांधून घेतली आणि शेळगावची एसटी धरली. मुगुट ओट्यावरच बसला होता.

"मुगुटा, चल, जेवू," आबा म्हणाले.

मुगुट गडबडीनं उठला आणि त्यानं खुर्ची पुढं केली. "साहेब, तुमी कशाला तरास घेतला? माझं आत्ताच झालंय बघा."

"आरं, साहेब कुणाला म्हणतोस?"

"आता सवय झालीया," मुगुट हसला. त्यानं सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा पिताना दोघं उसाच्या तोडीवर बोलत राहिले.

निघताना मुगुट एसटीपर्यंत सोडायला आला, पण सगळी वाट तो आबांच्या थोडा मागूनच चालला.