अण्णांचा ब्रश आणि आईचे नाग

माझ्या बायकोचा, नीताचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. "अण्णा गेले," एवढंच म्हणाली आणि सासऱ्यासाठी रडायला लागली. मी मात्र रडलो नाही. कॅबमध्ये बसलो आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या घरापर्यंत ड्रायव्हरशी ट्रॅफिकबद्दल बोलत आलो. आता महिना उलटून गेला. लोक म्हणतात, वडिलांविषयी दोन चांगले शब्द लिही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही कळतं, पण खोटं तरी कशाला बोलू... आमचं पटत नव्हतं. तीस वर्षं पटलं नाही, आणि त्याला कारण होती एक भिंत.

अण्णा लष्करात सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. दिल्ली कॅन्टोन्मेंटात आमचं क्वार्टर होतं. मोठे साहेब पाहणीला येणार असले की युनिटमध्ये झाडांच्या बुंध्यांना आणि कुंड्यांना गेरू-चुना लागायचा. तेच वेड घेऊन हा माणूस सुट्टीच्या दिवशी घरात ब्रश हातात धरून उभा. आधी रेगमालाच्या खरखरीत कागदाने भिंत घासायची, भेगांत लांबीची पुट्टी भरायची, मग चुन्यात नीळ कालवून एक हात, सुकला की दुसरा. दारं-खिडक्यांच्या चौकटींना ऑइलपेंट. काचेवर थेंब उडाला की तो ब्लेडने खरवडायला मी. माझी बोर्डाची परीक्षा असली तरी त्यांना काय त्याचं. "हात हलतो कसा? श्वास धरून ठेव," म्हणून ओरडायचे. शाबास हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

आईला दोन भाऊ, दोघेही गावी. आमच्याकडे बायका नागाला भाऊ मानतात आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपास धरतात. दिल्लीहून माहेरी जाणं कुठलं व्हायला, म्हणून आई अण्णांच्या डब्यातला गेरू घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या दारामागे बोटाने पाच नाग काढायची. अण्णा कुरकुरायचे, "सरकारी भिंत आहे."

"असू दे की. माझे भाऊ काय सरकारला चावतायत?" ती म्हणायची.

दिवाळीला ते नाग चुन्याखाली जायचे, पुढच्या पंचमीला आई नवे काढायची. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण मी पंधरा वर्षांचा असताना पंचमी झाली आणि तीन आठवड्यांत आई तापाने गेली. आता नवे काढणारं कोणी उरलं नव्हतं. अण्णांची रिटायरमेंट त्याच महिन्यात होती, साहेबांच्या पाहणीनंतर क्वार्टर परत द्यायचं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी चुना कालवला.

मी दारामागे उभा राहिलो. म्हणालो, "अण्णा, एवढं राहू द्या ना. साहेब दारामागं थोडेच बघणार आहेत?"

"साहेब बघत नाहीत रे. मी बघतो," ते म्हणाले आणि मला खांद्याला धरून बाजूला केलं. गेरू हट्टी असतो. पहिला हात सुकला तसा तो लाल होऊन वर आला, दुसऱ्यातूनही आला. आईच्या बोटाची रेघ दिसत होती, शेपटीपाशी तिने बोट उचललं होतं ती जागासुद्धा. तिसऱ्या हातानंतर काही दिसेना. अण्णांनी भिंतीवरून तळवा फिरवून पाहिला आणि ब्रश धुवायला घेतला. मला त्या दिवशी त्यांचा जो राग आला तो आजतागायत गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

पुढे ते गावी राहिले, म्हातारपणी आमच्याकडे आले. मी कामापुरतं बोलायचो. गेल्या वर्षी आम्ही नवरा-बायको चादरी आणायला दिवसभर पानिपतला गेलो, तेवढ्यात या ऐंशीला टेकलेल्या माणसाने आमच्या सईची खोली रंगवून काढली. माझी मुलगी आठ वर्षांची. तिने पलंगाजवळ खडूने एक पाच पायांचं कुत्रं काढलेलं होतं. सगळी भिंत नवी पिवळी, आणि मधे ते कुत्रं तसंच. कानांशी, शेपटीशी, पाचही पायांच्या मधून ब्रश फिरवलेला.

"आजोबा, ये तो रह गया," सई म्हणाली.

"राहिलं नाही बाळा. सोडलंय."

नीताचे डोळे भरून आले. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. म्हणजे सोडता येत होतं... हा माणूस सोडू शकत होता. बाल्कनीत ते ब्रश धूत बसले होते, तिथे जाऊन मी विचारलं, "आईचे नाग का नाही सोडलेत?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "ते घर सरकारचं होतं," म्हणाले.

त्यानंतर आम्ही त्यावर बोललो नाही, आणि आता बोलायला ते नाहीत. नीता म्हणते, ती खोली आता कधीच रंगवायची नाही. सई शाळेत गेली की मी तिथे जातो आणि त्या कुत्र्याच्या कडेने नख फिरवतो. कुठे ओघळ नाही, कुठे रंग खडूवर चढलेला नाही. एका ठिकाणी जरी त्यांचा हात हलला असता ना, तर कुत्रं म्हातारपणाने सुटलं असेल म्हणून मी त्यांना माफ करून टाकलं असतं.