रस्ता रिकामा होईपर्यंत

मला तातूआबा आवडत नव्हते.

परवा ते गेले. तरी आज खोटं लिहिणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वाडीच्या मधून हायवे गेला. घरं अलीकडे, शाळा पलीकडे. तुम्ही नांदगावला जाताना आमच्या दारातून गेला असाल, पण त्या स्पीडमध्ये तुम्हाला वाडी दिसणार नाही. आणि पोरं तर नाहीच.

माझी पोरगी दुर्वा पहिलीत. बायको काजू फॅक्टरीत, सकाळी आठला हजर. घरात आईचा गुडघा धरलेला. मी मस्कतला, बिल्डिंगला परांची बांधायच्या कामावर.

मग पोरीला रस्ता कोण पार करून देणार?

शेजारचे तातूआबा. आमचे नात्याचे कोणी नाहीत. सत्तरीच्या पुढचे, बारा महिने हातात छत्री. दुर्वा आणि वाडीतली अजून तीन पोरं. सकाळी सोडायची, संध्याकाळी आणायची.

मी व्हिडिओ कॉल लावायचो. पोरगी म्हणायची, आबांनी आज ह्या सांगितला, आबांनी आज ता दाखवला. माझं काय चाललंय ते विचारायची नाही.

एकदा विचारलं, दुर्वा, तुका मस्कतातसून काय हाडू?

"आबांका टॉर्च."

टॉर्च आणला नाही. दुकान बंद होतं म्हणून सांगितलं.

गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान तातूआबांच्या घराकडे. तेच गाऱ्हाणं हा माणूस रोज सकाळी हायवेच्या कडेला पोरांना उभं करून घालायचा. "बा देवा म्हाराजा, ही चार पोरा शाळेक निघाली हत, तेंच्या वाटेत जी काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा..." आणि पोरं एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

नियम एकच. शेवटचं व्हय म्हाराजा होईपर्यंत कोणी पाय उचलायचा नाही.

बायकोने व्हिडिओ पाठवला होता. मी हसलो. म्हातारा पोरांना येडी करतोय म्हटलं. मला वाईट वाटलं ते वेगळंच. पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तशी माझ्याकडे कधी बघितली नाही.

गेल्या चतुर्थीला आलो. सणाला चार दिवस होते, शाळा चालू होती. पहिल्याच सकाळी म्हटलं, आज पोरीक मी सोडतलंय. बापूस आसंय मी तिचो.

तातूआबा म्हणाले, बरा.

रस्त्याला आलो. ते तीन पोरांना घेऊन उभे, गाऱ्हाणं चालू. मी थांबलो नाही. दुर्वाचा हात धरला आणि सरळ निघालो. मी सहाव्या मजल्यावर परांचीवर चालतो, मला रस्ता काय शिकवता.

मधोमध पोरीने हात सोडवला.

"बाबा, गाऱ्हाणा रवला!"

आणि उभी राहिली. तिथेच. लेनमध्ये.

टेम्पोचा ब्रेक अजून कानात आहे. ड्रायव्हरने मला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. सगळ्या खऱ्या होत्या.

तातूआबा तीन पोरांना कडेला "हलू नका" सांगून आत आले. एका हाताने दुर्वाला धरलं. दुसऱ्या हाताने मला. चौथीतल्या पोरासारखं आम्हा दोघांना बाजूला आणलं.

मग गाऱ्हाणं जिथे तोडलं होतं तिथूनच पुढे चालू केलं.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट ऐकलं. डंपर येत होता. आबा म्हणाले, दुर्वाच्या आजयेचो गुडघो बरो कर म्हाराजा. मागून कार आली. ह्या शिरीच्या घरच्या म्हशीक दूध येऊ दी म्हाराजा. मग ट्रॅव्हल्स. ह्या बापसाक थोडी अक्कल दी म्हाराजा.

"व्हय म्हाराजा!" माझी पोरगी सगळ्यांत मोठ्याने.

रस्ता रिकामा होईपर्यंत म्हातारा गाऱ्हाणं ताणत होता. डोळे देवाकडे नव्हतेच. रस्त्यावर होते.

परत येताना मला म्हणाले, घराक सांगू नको, मीव सांगूचंय नाय. थोडं चालून विचारलं, "माझ्यावर जळतस काय रे?"

मी रस्त्याकडे बघत चालत राहिलो.

"जळ. बापसान जळूकच व्हया."

त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी पण नाही. आज पहिल्यांदा लिहितोय, बायको इथेच वाचेल. शिव्या फोनवर घाल.

परवा सकाळी त्यांनी पोरं सोडली. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. संध्याकाळी चारही पोरं शाळेच्या गेटवर उभी. आया न्यायला आल्या तर निघेनात. आबा खंय?

काल दुर्वा शाळेत गेली नाही. आज पण नाही म्हणाली. आयांनी पाळ्या लावल्यात, आज माझ्या बायकोची, रजा टाकून. तरी पोरगी रस्त्याच्या कडेला बसून राहिली, बाकी तिघं बाजूला उभी. बायकोने मला व्हिडिओ कॉल लावला. मी साईटवर, हेल्मेट घालून.

"बाबा, तुका गाऱ्हाणा येता?"

येता म्हटलं.

"मगे घाल."

फोन आईच्या हातात, पोरीचे डोळे रस्त्यावर. मला रस्ता दिसत नव्हता. मी सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ही चार पोरा शाळेक निघाली हत... मला तेवढंच येत होतं. संपवायला गेलो.

"थांबू नको. गाडी येता हा."

आजीचा गुडघा घेतला. म्हैस घेतली. "अजून एक येता हा." आमचा फोरमन घेतला, त्याला बुद्धी दे म्हटलं. "डंपर, बाबा." बाजूचे बंगाली कामगार थांबून माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे मागायला काही उरलं नाही.

मग म्हटलं, आणि आमचे तातूआबा परवा एकटेच निघाले हत. तेंका वाटेत कोण हात धरूक नाय. तेंची राखण कर रे म्हाराजा.

फोनमध्ये काहीच आवाज नाही. गाडीचा पण नाही.

"व्हय म्हाराजा," चौघं म्हणाली.

दुर्वाने आईचा हात धरला. मागे वळून फोनकडे बघितलं नाही.

आबा, मी अजून जळतोय तुमच्यावर.

सावकाश जावा.