सही न केलेलं हमीपत्र

युद्ध पेटलं त्या वर्षीची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडावर मी सोलापुरातल्या एका वाचनालयात व्याख्यान दिलं. साखर पेठेत माझा लहानसा दवाखाना होता आणि वर्तमानपत्र मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे. जर्मनीच्या हुकूमशहानं ऑस्ट्रिया गिळला, तिथल्या ज्यूंना गुडघ्यावर बसवून रस्ते घासायला लावलं, आणि मोठमोठी राष्ट्रं परिषद भरवून, हळहळून घरी गेली; दार मात्र कुणी उघडलं नाही, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं.

शेवटच्या रांगेत एक गोरी बाई बसली होती. व्हिएन्नाहून निसटून आलेली ही ज्यू डॉक्टरीण गावातल्या मिशनच्या इस्पितळात काम करायची. मराठी शिकली होती ती होटगीकडून येणाऱ्या रोगी बायकांकडून. "कुटं दुकतंय, बाई?" असं ती विचारायची आणि बायका पदराआड हसायच्या. माझं बोलणं तिला शेजारच्या मास्तरांनी इंग्रजीत समजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. तिची धाकटी बहीण अजून व्हिएन्नातच होती, नर्स होती. इथल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसानं नोकरीची हमी लिहून दिली, तर सरकार बहिणीला हिंदुस्थानात येऊ देईल, असं डॉक्टरणीला कळलं होतं. कागद टंकलिखित करूनच आणला होता. फक्त माझी सही हवी होती. मी तो ठेवून घेतला.

दवाखान्यासाठी सरकारी जागा मिळावी म्हणून माझा अर्ज तेव्हा कलेक्टर कचेरीत पडून होता. परदेशी माणसाची हमी घेतली तर साहेबाच्या मनात काय येईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात घोळत राहिला. बायको म्हणाली, "सही करून टाका की. आपल्याला नर्स हवीच आहे." मी तिला म्हणालो, यातलं तुला कळत नाही.

डॉक्टरीण दर आठवड्याला येई. एकदा वकिलाला विचारतोय म्हणालो, एकदा साहेब दौऱ्यावर आहेत म्हणालो. चौथ्या खेपेला ती खुर्चीवर बसलीच नाही.

"डॉक्टर, तुम्ही नाही म्हणा," ती शांतपणे इंग्रजीत म्हणाली. "म्हणजे मला दुसऱ्या कुणाकडे तरी जाता येईल."

"नाही कसं म्हणेन?" मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला. सबंध पावसाळा ती दुसऱ्या कुणाकडे गेली नाही. सप्टेंबरात युद्ध जाहीर झालं आणि तिकडची वाट बंद झाली. मी कागद परत द्यायला इस्पितळात गेलो. तिनं तो घेतला, खालची कोरी जागा पाहिली आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

दवाखान्यासाठी सरकारी जागा मला मिळाली. डॉक्टरणीच्या बहिणीचं काय झालं असं कुणी विचारलं, की युद्ध आडवं आलं, असं मी सांगत असे. लोक मान हलवत. कागद पाच महिने माझ्या खणात होता, हे मी बायकोखेरीज कुणाला कळू दिलं नाही, आणि तिनंही त्यावर पुन्हा कधी बोलणं काढलं नाही.