खालचा डावा चौकोन

चोरी झाल्याशिवाय कुणी ग्रिल बसवत नाही. "बैल गेला आणि झोपा केला ही म्हण ज्याने काढली, त्याचंही घर फुटलं असणार आणि तोही माझ्यासारख्याच कुणाकडे धावला असणार," असं ग्रिलकाका म्हणायचे, आणि म्हणताना हातातलं काम थांबवायचे नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या खिडक्यांना लोखंडी ग्रिलं आणि दारांना पत्रे, कड्या, अडसर बसवून दिले. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते. माप घ्यायला आले की घरातली पोरं काका म्हणायची, पुढे थोरांच्याही तोंडी तेच बसलं.

गिऱ्हाइकांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. एकाने पुढच्या दाराला तीन कुलपं लावून घेतली आणि किल्ल्या पायपुसण्याखाली ठेवायला लागला. एका बाईंनी दाराचा नुसता किल्ला करून घेतला. न्हाणीघराची खिडकी मात्र सुतळीने बांधलेली, कारण काय तर ती कुणाला दिसत नाही. एका साहेबांनी ग्रिलचा रंग पडद्यांना शोभेल का असं विचारलं. "साहेब, चोर पडदे बघायला येत नाही," काका म्हणाले, आणि ते काम दुसऱ्याकडे गेलं. जीभ जरा आवरली असती तर काकांचा कारखाना झाला असता. दुकान पत्र्याचं होतं, पत्र्याचंच राहिलं.

एक गोष्ट ते या धंद्यात शिकले होते. लोक येतात चोराचं नाव घेऊन, पण चहाचा दुसरा कप झाला की खरं नाव बाहेर पडतं. कुणाचा वाटणीवरून बिनसलेला भाऊ, कुणाचा सोडून दिलेला नवरा, कुणाचा चार दिवसांसाठी म्हणून आलेला मेहुणा. निम्मी दारं घरच्याच माणसांसाठी जाड केली जातात. काका ऐकून घ्यायचे, टेप लावायचे, आकडा लिहायचे. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, मधे लोखंड घालून देतो मी," असं घरी येऊन सांगायचे आणि हसायचे. तेव्हा त्यांना हसू यायचं.

धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी एका म्हाताऱ्या बाईंच्या खोलीला ग्रिल बसवलं होतं. एका भर दुपारी त्या खोलीला आग लागली. दाराशी ज्वाळा, म्हणून बाई खिडकीकडे आल्या. बाहेरून चार गडी ग्रिलला लोंबकळले, पहारी घालून बघितल्या, एक सळई वाकली नाही. काका पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाईंचा पुतण्या डोळे पुसत म्हणाला, "ग्रिल मात्र हललं नाही हो." त्यात टोमणा नव्हता. उलट कौतुक होतं, आणि त्या महिन्यात काकांकडे कधी नव्हती एवढी कामं आली. स्वतःच्या हातांची एवढी किळस त्यांना पुन्हा कधी आली नाही.

त्या दिवसापासून काकांनी एक चोरटं पुण्य सुरू केलं. प्रत्येक घरात मागच्या बाजूच्या एका ग्रिलचा खालचा डावा चौकोन ते वेल्डिंगने जोडेनासे झाले. माणूस खांद्यातून निघेल एवढा तो चौकोन चार बोल्टांवर बसवायचा, बोल्टांच्या डोक्यांवर खाचा बुजवायची लांबी भरायची, वरून रंग मारायचा. बघणाऱ्याला ते वेल्डिंगच वाटे. तेरा नंबरचे दोन पाने असले, एक बाहेरून आणि एक सळयांमधून हात घालून आतून, की दहा मिनिटांत चौकोन हातात. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलं तर तो शेजाऱ्याला सांगणार आणि शेजारी गल्लीला. पण मग आग लागली तर ऐन वेळी तिथे काकाच धावत पोचायला हवेत, हा त्यातला घोळ त्यांनाही कळत होता. तरी रात्री झोप लागायची, हे काय कमी होतं?

हे गुपित त्यांनी जन्मात एकालाच सांगितलं, आपल्या मुलाला. थोरला बापाच्याच दुकानात उभा राहिला आणि त्याचा हात बापापेक्षा सरस निघाला. एकदा एक चौकोन सोडवून दाखवताना काकांनी त्याला शिकवलं होतं, "काढलेला नट खिशात टाकायचा नाही, खाली ठेवायचा नाही. लगेच त्याच बोल्टवर परत चढवायचा. म्हणजे हरवत नाही आणि जोडी मोडत नाही." थोरल्याने ते इतकं मनावर घेतलं की कुठेही, कसल्याही घाईत, त्याचे नट बोल्टवर चढलेलेच असत. काका येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायचे. बापाला मिरवायला काय लागतं.

मग थोरल्याला बाटली लागली. कशी लागली ते सांगण्यात अर्थ नाही, सगळ्यांना तशीच लागते. आधी दुकानातला ग्राइंडर गेला, मग वेल्डिंगचं मशीन गेलं, मग तो स्वतःच येईनासा झाला. "दुरुस्तीला दिलंय," असं काका वर्षभर लोकांना सांगत राहिले. लोकही "हो का" म्हणत राहिले, कारण त्यातल्याच एकाने ते मशीन अर्ध्या किमतीत विकत घेतलं होतं.

धाकटी, म्हणजे काकांची मुलगी, नवरा गेल्यावर आठ वर्षांच्या पोरीला घेऊन तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. शाळेचे गणवेश शिवून घर चालवायची. एके दिवशी थोरल्याने मागच्या दाराची कडी सुरीने वर केली आणि तिचं शिलाई मशीन उचलून नेलं. ज्या बाईंकडून तिला शिवायला कापड मिळायचं, त्यांनी स्वतःचं मशीन वापरायला दिलं. देताना स्पष्ट सांगितलं, "हे माझं आहे. हे गेलं तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

त्याच संध्याकाळी धाकटी दुकानात आली.

"बाबा, दारं-खिडक्या पक्क्या करून द्या."

"देतो की. हल्ली चोर इतके..."

"चोरासाठी नाही, बाबा. दादासाठी."

चाळीस वर्षं काका हे वाक्य ऐकत आले होते, पण चहाच्या दुसऱ्या कपानंतर. इथे पहिलाही झाला नव्हता. त्यांनी टेप उचलला आणि तिच्या मागे निघाले.

वेल्डिंगचं मशीन भाड्याने आणून सहा दिवस त्यांनी काम केलं. पुढच्या आणि मागच्या दाराला आतून पत्रा मारला, चौकटीत वीतभर लांबीचे स्क्रू घातले, बिजागऱ्यांच्या खुंट्या निघू नयेत म्हणून त्यांना वेल्डिंगचा थेंब दिला. दोन्ही दारांना तीन-तीन कड्या. "वरची, मधली, खालची," त्यांनी धाकटीला लावून दाखवल्या. "खालची विसरू नकोस. दार खालूनच उचकटतात." धाकटी ती नेमकी विसरायची. हातात कपड्यांचा ढीग असला की खाली कोण वाकणार?

शेवटची राहिली मागची खिडकी. तिच्याखाली नातीची खाट होती. काका घरूनच ठरवून निघाले होते की या ग्रिलला चारही बाजूंनी वेल्डिंग करायचं, बोल्टबिल्ट काही नाही. रॉड पेटवला, विझवला. परत पेटवला. आत खाटेवर पुस्तकं पसरून नात काहीतरी गुणगुणत होती. तिच्या डोक्यावर ते ग्रिल आणि त्या पलीकडे मामा. काकांना चाळीस वर्षांपूर्वीचा पुतण्या ऐकू आला. मग त्यांना एक हुशारी सुचली. खालचा डावा चौकोन त्यांनी चांगला जाड वेल्डिंग करून पक्का केला आणि बोल्ट घातले वरच्या उजव्या चौकोनाला. थोरला येईल, डावीकडे खाली चाचपेल, लोखंड लागेल, जाईल. लांबी भरली, रंग मारला.

धाकटीने दोन्ही हातांनी ग्रिल हलवून बघितलं.

"याच्यात कुठे काही ढिलं नाही ना, बाबा?"

"हत्ती आला तरी हलणार नाही," काका म्हणाले. पोटच्या पोरीच्या तोंडावर खोटं बोलले, आणि नातीसाठी बोललो असं स्वतःला सांगून मोकळे झाले.

दोन महिने बाईंचं शिलाई मशीन सुरळीत चाललं. मग एका दुपारी धाकटी शिवलेले गणवेश पोचवायला गेली, पोर शाळेत होती. परत आली तर पुढचं कुलूप जसंच्या तसं, मागचं दार बंद आणि मशीन जागेवर नाही. खिडकीखाली एक बादली पालथी घातलेली होती. ग्रिलचा वरचा उजवा चौकोन काढून भिंतीला टेकवून ठेवला होता, रंग खरवडू नये अशा बेताने. खिडकीच्या कट्ट्यावर चार बोल्ट एका ओळीत होते आणि चौघांवर चार नट परत चढवलेले होते.

निरोप गेला तसे काका आले. धाकटी रडत नव्हती.

"हे कापलेलं नाही, बाबा. उघडलंय. इथे बोल्ट कसे आले?"

काकांनी मग सगळं सांगितलं. म्हातारी बाई, आग, पुतण्या, चाळीस वर्षांचे चौकोन. तिने मधे एकदाही तोडलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"आणि दादाला माहीत होतं."

"ही जागा नव्हती माहीत. मी बदलली होती ना."

"खिडकीला कोपरे किती असतात, बाबा? चारच ना?"

काका रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले.

"त्याला पक्कं ठाऊक होतं, तुम्ही कुठेतरी ठेवणारच. मीच एक मूर्ख, विचारत बसले ढिलं आहे का म्हणून. कुणासाठी ठेवलीत ही वाट? खरं सांगा."

नातीसाठी, असं काकांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांची नजर पुन्हा त्या चार बोल्टांवर गेली. घरात शिरून तो कट्टा पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यांच्या मनात राग आला नव्हता, मशीनचं दुःखही आलं नव्हतं. पोरगं विसरलं नाही, एवढंच आलं होतं. आणि छाती क्षणभर अभिमानाने भरली होती. हे लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं? पण बापाचं तोंड लेकीला वाचता येतं. धाकटीने ते चारही बोल्ट उचलून त्यांच्या मुठीत घातले.

"जा तुम्ही, बाबा," ती म्हणाली. "न्या हे. आणि परत काही बसवायला येऊ नका."

मशीनवाल्या बाईंनी आपला शब्द पाळला, शिवायला कापड देणं बंद केलं. धाकटीला एका कारखान्यात काम मिळालं, सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत. पोर तीनला शाळेतून येते, स्वतःच्या हाताने दार उघडते, लावून घेते आणि तीन तास एकटी बसते. ग्रिलचं काम धाकटीने दुसऱ्या कारागिराकडून करून घेतलं. काकांना हे बाजारात त्या कारागिराकडूनच कळलं. तो हसत हसत म्हणाला, "तुमच्या लेकीने सांगितलं, मुंगी शिरता कामा नये."

दुसऱ्या दिवशी काका तीननंतर धाकटीच्या घरी गेले. आधी मागे जाऊन ग्रिलच्या चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. सगळीकडे सलग वेल्डिंग, कुठे खुंटी नाही, बोल्ट नाही. काम चोख होतं, नाव ठेवायला जागा नव्हती. पलीकडे खाटेवर पुस्तकं होती. मग पुढे येऊन त्यांनी दार वाजवलं.

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. दाराच्या भोकात एक डोळा आला.

"आजोबा?"

"हो गं. मीच."

"आई म्हणालीय, मामा आला तरी उघडायचं नाही आणि आजोबा आले तरी उघडायचं नाही."

"बरोबर म्हणाली," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कड्या लावल्यास?"

"वरची लावली. मधली लावली."

"आणि खालची?"

आत स्टूल बाजूला झालं. मग खालची कडी सरकली. काकांनीच तेल घालून ठेवली होती, लोण्यातून गेल्यासारखी गेली.

"आता लावली."

"शहाणी गं माझी."

काका रस्ता ओलांडून समोरच्या पायरीवर बसले. तेव्हापासून ते रोज तीनला येऊन बसतात. पिशवीत लोखंड कापायची हातकरवत असते, ग्राइंडर तर केव्हाच गेला. या वयात एका सळईला दहा मिनिटं लागतात आणि पोर बाहेर काढायला निदान चार सळया कापाव्या लागतील. आग चाळीस मिनिटं थांबत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी करवत असते. पायरीवाल्या घरच्या बाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलंही, "कुणावर पाळत ठेवून आहात हो?" काकांची जीभ एरवी आवरत नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, एवढंच.

सहाला धाकटी येते. समोर बघत नाही. दार उघडतं, ती आत जाते, दार लागतं, आणि रस्ता जरा शांत असला तर पलीकडेही कड्या ऐकू येतात. वरची. मधली. काका पिशवी उचलतात, पण उठत नाहीत. हल्ली ती खालची विसरत नाही.