वेलाकडचा तुकडा

निसर्ग आणि मनाचं आरोग्य यांचा संबंध शिकवणारा एक अभ्यासक्रम मी शाळेची नोकरी सांभाळून करते आहे. पहिला पाठ सोपा होता. बाहेर एक जागा निवडायची, रोज तिथे अर्धा तास बसायचं. बसताना आणि उठताना नाडी मोजून वहीत लिहायची. मी वाचलं आणि पुस्तक मिटलं. आई हे वर्षानुवर्षं करत होती, वहीशिवाय.

जोयड्याच्या पलीकडे, डोंगरात आमचं घर. मागे कंदांचे खड्डे, खाली ओढा. ओढ्याकाठी एक सपाट दगड आहे. दादा नोकरीला बाहेर पडल्यावर आई संध्याकाळी तिथे जाऊन बसायला लागली.

कंद काढला की वेलाकडचा तुकडा खायचा नाही. त्याला राख लावून तो ठेवायचा आणि पावसाआधी पुन्हा त्याच खड्ड्यात लावायचा, ही आमच्याकडची रीत. आजीने लावलेले वेल असेच आईपर्यंत आले होते.

दादाने आईला रामनगरला आपल्या घरी नेलं. तिला दम लागायचा, डॉक्टर जवळ हवा, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मीही अडवलं नाही. तिने जाताना तुकडे बरोबर नेले, पोत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवले. दादाच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. तिथली एक फरशी उचलून दे, एवढंच तिचं मागणं. तो आज-उद्या करत राहिला आणि एका सकाळी वास येतो म्हणून पोतं कचऱ्याच्या गाडीत टाकून मोकळा झाला. लहानपणी त्याने स्वतःच्या हाताने त्या तुकड्यांना राख लावली होती. ती कशासाठी, हे त्याला माहीत होतं.

त्या दिवशी आई फोनवर एकच वाक्य बोलली. "हितं माझं काय लावायला जागा न्हाई गं."

मग तिचं बोलणं कमी झालं, मग जेवण. पाऊस सुरू व्हायच्या आत ती गेली. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. एका पोत्याने माणूस मरत नाही, हे कळण्याइतकी मी शिकलेली आहे. तरी मी दादाला माफ केलेलं नाही.

गेल्या रविवारी तो आला. महिनाभर झोप नाही, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी झाडांत चालायला सांगितलंय म्हणाला. हसत म्हणाला, एवढी पुस्तकं वाचतीस, भावाला काय तरी औषध दे.

"फरशीवर चाल, दादा. गुळगुळीत हाय."

त्याचं हसू गेलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"आई सांजची कुठं तरी जाऊन बसायची म्हणं. कुठं गं? तिथं जरा बसतो."

"ठाव न्हाई," मी म्हणाले.

तो दुपारभर ओटीवर बसला, पायांत चपला तशाच. शेवटच्या बसने गेला.

मग मी ओढ्यावर गेले. दगडावर बसताना नाडी ब्याण्णव होती. अर्ध्या तासाने अठ्ठ्याण्णव. वहीत एक रकाना आहे, नाडी वाढल्यास कारण लिहा. मी लिहिलं: भाऊ आला होता. जागा विचारली. सांगितली नाही. पुढच्या रविवारी आला तरी सांगणार नाही.